लेन पाल्कोची खालच्या आळीत बदली

रेजिस डॉम्ब्रॉस्की निवृत्त झाला नसता तर यातलं काही घडलंच नसतं, असं त्याची बायको कॉनी अजून म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. पस्तीस वर्षं तो आमच्या वेस्ट ड्युरीच्या शाळेत भूगोल शिकवत होता, तोवर त्याच्या हातून कोणाचं वाईट झालं नव्हतं. फार तर एखाद्या पोराला जन्मभर पेरू आणि पॅराग्वे यांतला फरक कळला नसेल. जूनमध्ये तो निवृत्त झाला. नाताळपर्यंत त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, त्यामुळे जे गळत नव्हते तेही गळू लागले. मग हिवाळा सरता सरता आमच्याकडचा तो रिकामा मोसम आला, ज्यात फुटबॉल, म्हणजे आमचा अमेरिकन, हाताने चेंडू फेकायचा, बंद असतो आणि फुटबॉलच्या गप्पांना ऊत येतो.

या दिवसांत मोठमोठ्या संघांना एकच घोर असतो, क्वार्टरबॅकचा. चेंडू फेकणारा तो, संघाचा कर्ताकरविता तो, आणि हरलं की सगळ्या पापांचा धनीही तोच. जुना ठेवावा की दुसऱ्या संघाला देऊन टाकावा? एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजातली ताजी पोरं वाटून घेतात, तेव्हा पहिला हात कोणावर ठेवावा? बेकरीत पावासाठी उभं राहिलं तरी हेच, दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलं तरी हेच. दाढ उपटून घेणारा माणूससुद्धा हाताच्या खुणांनी सांगत असतो की डावखुरा घेऊ नका म्हणून. रेजिस दिवसाचे सहा-सहा तास रेडिओवर ही चर्चा ऐकू लागला, आणि ऐकता ऐकता त्याच्या मनाने घेतलं की आपणही एका संघाचे मॅनेजर आहोत.

तसा तो होताच म्हणा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सकाळी टर्की भट्टीत गेली की, आमच्या टेकडीवरची वरची आळी आणि पायथ्याची खालची आळी चर्चमागच्या मैदानावर फुटबॉल खेळतात. १९८० पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. वरच्यांचा मॅनेजर रेजिस, कारण एके काळी टाइपरायटर फक्त त्याच्याकडे होता. मोठ्या संघांसारखा आमचाही ड्राफ्ट होतो. ईस्टरनंतरच्या शनिवारी, बंबवाल्यांच्या हॉलमध्ये. नवीन राहायला आलेली माणसं दोन्ही मॅनेजर आळीपाळीने निवडतात आणि हरलेल्याचा नंबर पहिला लागतो. नियमांची वहीसुद्धा आहे. त्यातला चौथा नियम असा: ज्या संघात खेळायचं, त्या आळीत गाडी लावायची. का, ते विचारू नका. तो लिहिला सोळा वर्षांच्या लेन पाल्कोने, कारण गाडी तेव्हा फक्त त्याच्याकडे होती.

हा लेन पाल्को रेजिसचा भिंतीला भिंत लागून शेजारी. बस चालवतो, कमी बोलतो, आणि पहिल्या दिवसापासून वरच्यांचा क्वार्टरबॅक. दोघं लहानपणी लेनच्या आईच्या स्वयंपाकघरात, पोलादी पायांच्या पिवळ्या खुर्च्यांवर बसून कोबी घातलेल्या शेवया खायचे आणि अभ्यास करायचे, म्हणजे शेवया खायचे. रेजिसची खुर्ची ठरलेली होती. एकदा खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवून तो तिच्यावर बसला आणि फाटलेल्या जागी लेनच्या आईने काळी पट्टी चिकटवली, तीच.

आणि मग १९८१ चा शाळेचा शेवटचा सामना. त्यांची एक चाल होती, तिला सगळे ‘दूधवाला’ म्हणायचे. रेजिसने सावकाश, घरोघरी दूध टाकत असल्यासारखं मैदानाच्या कोपऱ्यात जायचं, लेनने तिथे चेंडू पोचवायचा, झेलला की सहा गुण. सावकाश जायचं हा डावपेच असल्याचं रेजिस सांगतो. खरं म्हणजे त्याला जोरात पळताच यायचं नाही. तर तो झेल रेजिसने घेतला, शाळा जिंकली, आणि गेली चाळीस-बेचाळीस वर्षं ती गोष्ट तो दर लग्नात, दर मयतीत सांगत आला. त्यात एक बारीकसा तपशील मात्र दरवेळी गळायचा. रेजिस कोपऱ्यात पोचेपर्यंत लेन चेंडू हातात धरून उभा राहिला होता, आणि तेवढ्यात दोन दांडगी पोरं त्याच्या उजव्या खांद्यावर येऊन आदळली होती.

तोच खांदा आता बोलत होता. लेनने टाकलेला चेंडू हल्ली हवेतून यायचा नाही, टपालाने यायचा. वरची आळी सात वर्षं ओळीने हरली होती. दर सामन्यातला पहिला चेंडू मात्र लेन अजूनही रेजिसकडेच टाकायचा. दूधवाला. तो पोचायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

अशात आमच्या आळीत ब्रेडन केस्लर राहायला आला. चौतीस वर्षांचा, ॲरिझोनाकडचा, हाडं-स्नायू ठीक करणारा. कॉलेजच्या संघात तीन वर्षं क्वार्टरबॅक म्हणून बाकावर बसलेला, पण बाकसुद्धा मोठ्या कॉलेजचा. रेजिसने त्याला कचऱ्याची पिशवी वीस हातांवरच्या पिंपात नेमकी टाकताना बघितलं आणि त्याची झोप उडाली. काहीही करून हा पोरगा हवा. त्यात एक अडचण होती, आणि ती रेजिस आणि खालच्यांचा मॅनेजर ऑगी फेरान्टे सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. तीन वर्षांमागे चर्चच्या जत्रेला रेजिसला ऑगीची मोठी कॉफीची किटली हवी होती. तेव्हा त्याने तिच्या बदल्यात ‘तीन वर्षांनंतरचा पहिला नंबर’ ऑगीला लिहून दिला होता. तीन वर्षांनी कोण कुठे असेल, असा त्याचा भूगोली विचार.

ऑगीचा धंदा अंत्यविधींचा. त्यामुळे तो हसण्याच्या बाबतीत काटकसरी आहे. मार्चमधल्या एका शुक्रवारी, हॉलमध्ये मासे खाता खाता, रेजिसने नंबर परत मागितला. ऑगीने पाव खाली ठेवला आणि म्हणाला, “लेन दे.”

रेजिसला वाटलं थट्टा आहे. पण ऑगी खाण्याच्या वेळी थट्टा करत नाही. रेजिस तसाच उठून आमच्या आळीच्या युरिकआजींकडे गेला. आजी ब्याऐंशीच्या. ओसरीवर बसून त्यांनी आमच्या शहरातल्या मोठ्या संघाचे नऊ क्वार्टरबॅक येताना आणि जाताना पाहिलेत, आणि त्यातल्या एकाबद्दलही त्यांचं मत चांगलं नाही. त्या म्हणाल्या, “बाकावर बसवलास तर सामनाभर तुझ्याच शेजारी बसून तुझ्याकडे बघत राहील. देऊन टाकलास तर निदान पलीकडे बसेल. काय ते ठरव आणि दार लावून जा, गार येतंय.” रेजिसला हे शहाणपणाचं वाटलं. भित्र्या माणसाला सोयीचं काहीही शहाणपणाचंच वाटतं. पुढच्या शुक्रवारी कागदी हातरुमालावर करार झाला, वर पिएरोगीच्या, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांच्या, लोण्याचा डाग पडला, तोच शिक्का.

आता लेनला सांगायचं होतं. रेजिस पहिल्यांदा गेला तो टोमॅटोची रोपं घेऊन गेला आणि टोमॅटोबद्दल बोलून परत आला. दुसऱ्यांदा त्याने खांद्याचा विषय काढला, तर लेनने त्याला खांद्याला लावायचं मलम दिलं, अर्धी ट्यूब. तिसऱ्या खेपेला कॉनीने त्याला अक्षरशः दाराबाहेर ढकललं. त्या दिवशी लेनने त्याचे गळणारे नळ नीट करून दिले. पाच नळ नीट करणाऱ्या माणसाला तू आमच्यात नकोस हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेवटी ते काम बरोच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, कचेरीने केलं. मैदानाच्या परवान्याचा यंदा नवा फॉर्म निघाला होता. खेळाडूंनी आपापल्या संघाच्या यादीवर स्वतः येऊन सही करायची, विम्यासाठी. रेजिसने कचेरीतल्या बाईंना विनवून पाहिलं, की एक सही मी करतो. बाई म्हणाल्या, हात मोडला तर मोडूनही तुम्हीच घेणार का? मंगळवारी लेन बसची फेरी संपवून आला. वरच्यांच्या यादीत त्याने दोनदा बोट फिरवलं. मग बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. लेनने खालच्यांच्या यादीत सही केली आणि “पेन चांगलं आहे” एवढंच म्हणाला. रेजिस तेव्हा दाराशी, सूचनांच्या फळ्याकडे तोंड करून उभा होता. कुत्र्यांच्या परवान्याची सूचना त्याला अजून तोंडपाठ आहे.

लेन भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने नियम पाळला. स्वतःच लिहिलेला होता ना! त्याच संध्याकाळी त्याने गाडी खालच्या आळीत नेऊन लावली आणि टेकडीच्या एकशे बारा पायऱ्या चढून घरी आला. दुसऱ्या दिवशीही तसाच, आणि तिसऱ्या दिवशीही. साठीचा माणूस, दिवसभर बस चालवून, गुडघ्यांवर हात ठेवत रेजिसच्या ओसरीसमोरून जायचा. “काय रेज्या,” म्हणायचाही, पण ते ‘काय’ टपालाने आल्यासारखं. आणि आपल्या घरासमोरची गाडीची जागा रिकामी झाली, तिथे त्याने एक पिवळी खुर्ची आणून ठेवली.

आता खुर्ची म्हणजे काय ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. रस्त्यावर खुर्ची आहे म्हणजे जागा धरलेली आहे. तिला कोणी हात लावत नाही. पाद्रीबाबा लावत नाहीत, पोलीस लावत नाहीत, एकदा तर ऑगीने शववाहिका सुद्धा लांब उभी केली होती आणि पेटी चालत नेली होती. लेनच्या त्या खुर्चीकडे बघून आळीतल्या लोकांना गलबलून यायचं आणि मग ते रेजिसकडे बघायचे. चाळीस वर्षांचा मित्र फुकट देऊन टाकला, असंच सगळे धरून चालले होते. फुकट नाही दिला हे सांगायची रेजिसची छाती नव्हती, कारण मग किटलीचं निघालं असतं.

ड्राफ्टला लेन आला नाही, ड्यूटी आहे म्हणाला. रेजिसने पहिल्या नंबरावर ब्रेडनचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या तीन, त्यातल्या दोन ब्रेडनच्या.

पोरगा गुणी होता, त्याबद्दल वाद नाही. पण गुणी माणसांचा एक त्रास असतो, ते इतरांनाही गुणी करायला बघतात. त्याने चौदा पानांच्या चाली लिहून घरोघर वाटल्या. ऑगस्टमध्ये पहाटेचा सराव ठेवला, त्यात पहिल्याच आठवड्यात चौघांच्या मांड्या धरल्या आणि त्यांना दुरुस्त करायचं कामही ब्रेडनलाच मिळालं. सरावानंतर पिएरोगी बंद, त्याऐवजी बदाम. चेंडू तर असा यायचा की झेलण्यापेक्षा चुकवण्याकडे लोकांचा ओढा. रेजिसच्या करंगळीवर बसला आणि करंगळी दुसऱ्या गावाला जायला निघाल्यासारखी बाहेर वळली. सप्टेंबरात ब्रेडनने एक तक्ता आणला. चेंडू झेलणाऱ्या आठ जणांत रेजिस आठवा. पुढे नम्रपणे लिहिलं होतं: ‘पाणी देण्यासाठी उत्तम.’

“सर, हे मनाला लावून घेऊ नका,” ब्रेडन म्हणाला. “फक्त वेगाचा प्रश्न आहे. तुम्ही कोपऱ्यात पोचेपर्यंत कोण थांबणार?”

रेजिस घरी आला. चाळीस वर्षं सांगितलेल्या गोष्टीतला तो गळलेला तपशील त्या दिवशी त्याला पहिल्यांदा नीट आठवला. त्याला फार वाईट वाटलं. कॉनी म्हणाली, जा आणि बोल त्याच्याशी. पण सहा महिने न बोललेलं बोलायला सुरुवात कुठून करायची, ते कोणी शिकवत नाही.

मग थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी रात्रभर बर्फ पडला. मंगळवारी सकाळी सातला युरिकआजींचा फोन आला. आवाज असा की रेजिसला वाटलं कोणीतरी गेलं. आजी म्हणाल्या, “तुझ्या त्या पोराने खुर्ची हलवली.”

पहाटेचं फावडं मारून पुन्हा आडवा झालेला रेजिस पायजम्यावर कोट चढवून बाहेर आला. अख्खी आळी ओसऱ्यांवर उभी होती, हातात कॉफी, तोंडं उघडी. लेनच्या जागेत ब्रेडनची गाडी, आणि खुर्ची बाजूला बर्फात आडवी. पोरगा ॲरिझोनाचा. बर्फ त्याने चित्रात पाहिलेला, खुर्चीचं कायदेशास्त्र त्याला कोण सांगणार?

“सर, ही जागा सात महिने रिकामी आहे,” तो म्हणाला.

“रिकामी कुठे? खुर्ची होती ना.”

“पण त्यांची गाडी खाली असते.”

“गाडी खाली असते. जागा इथे असते.”

ब्रेडनने शांतपणे बरोच्या कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, हो, रस्त्यावर खुर्ची ठेवणं नियमाविरुद्धच आहे. मग मी काढली ते बरोबर ना, असं त्याने विचारल्यावर बाई घाबरून म्हणाल्या, “बापरे, काढलीत? ठेवा बघू आधी होती तिथे.”

पण गाडी ठेवायची कुठे, हा पोराचा प्रश्न खरा होता. आळीत तिळाएवढी जागा नव्हती. रेजिसने एकवार आपल्या जागेकडे पाहिलं. पहाटे चारला उठून दोन तास फावडं मारून, कंबरेची वाट लावून उपसलेली. तो म्हणाला, “माझी घे.” त्याने आपली गाडी काढली, ब्रेडनची आत गेली. मग रेजिसने पिवळी खुर्ची उचलली, बाहीने तिच्यावरचा बर्फ पुसला आणि लेनच्या जागेत सरळ मांडून ठेवली. ओसरीवरून युरिकआजींनी पसंतीची मान हलवली, आणि ती गेल्या नऊ क्वार्टरबॅकांपैकी एकासाठीही हललेली नाही.

आता गाडीत बसलेला रेजिस आणि जायला जागा नाही. वळणावळणाने तो खालच्या आळीत उतरला. तिथेही तेच. गाडी, खुर्ची, गाडी, कपडे वाळत घालायची घोडी, गाडी. टोकाला लेनची जुनी, मरून रंगाची गाडी दिसली आणि तिच्या शेजारी स्वच्छ उपसलेली एक जागा. जागेत पिवळी खुर्ची. बैठकीवर काळी पट्टी.

रेजिसने गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली.

ऑगी आपल्या दारातला बर्फ उपसत होता. तो म्हणाला, ती एप्रिलपासून आहे, लेनने आणून ठेवलीय. कोणासाठी विचारलं तर म्हणतो, येईल तो. आजही पहाटे त्याने येऊन जागा साफ केली, आता पायऱ्या उपसायला गेलाय. आम्ही आपलं हात लावत नाही.

एवढ्यात पायऱ्यांवरून लेन उतरताना दिसला, खांद्यावर फावडं, डाव्या. रेजिसला एकदम रडू आलं. साठीच्या माणसाने पायजमा घालून खालच्या आळीत रडावं याहून मोठी नामुष्की नाही, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

“गाडी रस्त्यात काय उभी केलीस?” लेन म्हणाला. “आठची बस जायची नाही.”

“लेन्या, सात महिने तू ही जागा धरून ठेवलीस?”

“मग? तुला पोचायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे ना. मी धरून ठेवतो.”

“चुकलं रे माझं.”

“चुकलंच. गाडी लाव आता.”

आणि गाडी लागली. दुपारपर्यंत चौथा नियम कोणाला तरी आठवला, अर्थातच युरिकआजींना. वरच्यांच्या मॅनेजरची गाडी खालच्या आळीत, म्हणजे मॅनेजर खालच्यांचा. वही काढली, वाचली, पर्याय नव्हता. वरच्यांचा कारभार ब्रेडनकडे गेला आणि त्याने तो बदामांसकट आनंदाने घेतला.

गुरुवारी खालची आळी बेचाळीस विरुद्ध सहा अशी हरली. बेचाळीस कसे झाले ते ब्रेडन सांगेल, त्याच्याकडे तक्ता आहे. सहा झाले ते पहिल्याच चालीत. लेनने चेंडू घेतला आणि उभा राहिला. रेजिस घरोघरी दूध टाकत कोपऱ्याकडे निघाला. वरची तरणी पोरं लेनच्या अंगावर धावून आली, खालची आळी ओरडली की टाक, टाक, आणि लेन काही टाकेना. अगदी शेवटी त्याने टाकला. तो टपालानेच आला, पण आला. रेजिसने तो पोट आणि मोडकी करंगळी यांच्यामध्ये धरला आणि कोपऱ्यात बसकण मारली.

संध्याकाळी टर्की खायला दोघं पायऱ्या चढत होते. साठाव्या पायरीवर लेन दम खायला थांबला. त्याने खालच्या दिव्यांकडे बघितलं.

“एक विचारू? मला फुकट दिलंस की काही घेतलंस?”

रेजिसने सगळं सांगितलं. किटली, कागद, लोण्याचा डाग. “पहिला नंबर घेतला तुझ्या बदल्यात.”

“पहिला नंबर? ऑगीने माझ्यासाठी पहिला नंबर दिला? या खांद्यासकट?”

“खांद्यासकट.”

 लेनने टोपी जराशी सरळ केली आणि उरलेल्या बावन्न पायऱ्या न थांबता चढून गेला. रेजिसला वाटेत दोनदा थांबावं लागलं. तो वर पोचला तेव्हा लेन कठड्याला टेकून त्याची वाट बघत उभा होता.